पीनट्स: तोच फुटबॉल, तोच पतंग, तरी पुढचं पान उलटावंसं का वाटतं?

अक्षरवेल

गेले काही महिने पीनट्सचे संग्रह ओळीने वाचतेय, अगदी पहिल्या खंडापासून. चार्ल्स शुल्झची ती चार्ली ब्राउन आणि स्नूपीवाली कॉमिक स्ट्रिप, २ ऑक्टोबर १९५० ला अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० च्या रविवारी शेवटची छापून आली. मधल्या काळात १७,८९७ स्ट्रिप्स, आणि कल्पना, पेन्सिल, शाई, फुग्यांमधली अक्षरं सगळं त्या एकट्या माणसाचं, हाताखाली कोणी नाही. आता मी १९७० च्या आसपास पोचलेय आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

यात काही घडतच नाही हो. ल्यूसी फुटबॉल धरते, चार्ली लांबून पळत येतो, ती ऐन वेळी बॉल काढून घेते, तो पाठीवर आपटतो. पतंग झाडात अडकतो. बेसबॉलची मॅच हरतात. लाल केसांच्या मुलीशी बोलायचं ठरवतो आणि डबा खाऊन बाकावरून उठून जातो. लायनस दर वर्षी भोपळ्याच्या मळात रात्रभर ग्रेट पम्पकिनची वाट बघत बसतो, कोणी येत नाही, आणि पुढच्या वर्षी परत जाऊन बसतो. पुढच्या खंडात परत हेच सगळं. तरी मी दोनचार पानं म्हणून हातात घेते आणि तास निघून जातो.

पहिलीच स्ट्रिप बघा ना. दोन मुलं रस्त्याच्या कडेला बसलीयेत, समोरून चार्ली ब्राउन येतो, त्यातला शर्मी म्हणतो आला बघ आपला चार्ली ब्राउन, छान चार्ली ब्राउन, आणि तो पुढे निघून गेल्या गेल्या म्हणतो मला हा अजिबात आवडत नाही. पहिल्या दिवशी! वाचकाला अजून कोण कोण आहे तेही कळलेलं नाही आणि हिरोचा कसा तिरस्कार केला जातो हे सांगून मोकळे. असं आज कोणी संपादकाला दाखवलं तर घेईल का मला शंका आहे.

लहानपणी मी हे वाचलेलं नाही त्यामुळे जुन्या आठवणींमुळे आवडतंय असं म्हणता येणार नाही. बेसबॉल मला कळत नाही, अमेरिकन फुटबॉल त्याहून नाही. तर प्रश्न असा की इतकी उदास आणि इतकी परत परत तेच सांगणारी गोष्ट लोकांनी रोज सकाळी ५० वर्षं का वाचली, आणि शुल्झ जाऊन इतकी वर्षं झाली तरी जुन्याच स्ट्रिप्स पेपरवाले अजून का छापतायत? पात्रं गोड आहेत हे उत्तर मला पुरत नाही, गोड पात्रं पुष्कळ आली आणि गेली. ज्यांनी नीट वाचलंय त्यांनी लिहा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

टाकबोरू

मस्त धागा. मी फक्त फुटबॉलबद्दल लिहितो कारण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

वरवर तेच तेच वाटतं पण सगळे फुटबॉल एकापाठोपाठ लावून वाचलेत तर दिसेल की शुल्झ तोच विनोद परत करत नाहीये. मुळात सुरुवात ल्यूसीपासून नाहीच. १९५१ ला व्हायोलेट नावाची मुलगी बॉल धरते आणि हा चुकून आपल्या हातावर लाथ मारेल या भीतीने सोडून देते, त्यात दुष्टपणा काही नाही. १९५२ ला ल्यूसी आली तेव्हा तिचं कारण काय, तर माझा नवा बॉल, तुझ्या बुटाची घाण लागेल. मग हे जवळजवळ दर वर्षी एकदा, फुटबॉलचा सीझन आला की, यायला लागलं. बॉल तोच, पडणं तेच, बदलतं काय तर ल्यूसीने त्याला पळायला कसं पटवलं ते. एकदा सही केलेला कागद दाखवते आणि तो पडल्यावर सांगते की कागद नोटराइज केलेला नाही. कधी हात मिळवते, कधी डोळ्यात पाणी आणते, कधी आयुष्यावर मोठं भाषण देते. आपण वाचक म्हणून बॉलकडे बघतच नाही, आपण चार्लीकडे बघतो, की यंदा हा कुठल्या चौकटीत विश्वास ठेवणार.

आणि तो मूर्ख नाही हे लक्षात घ्या. बहुतेक वेळा तो स्वतःच पहिल्या चौकटीत म्हणतो की तू बॉल काढून घेणार, मला माहीत आहे. माहीत असून पळतो. काही जण याचा 'हार मानू नका' छापाचा सुविचार करतात, मला ते बिलकुल पटत नाही, कारण त्या सुविचाराला शेवटी जिंकणं लागतं आणि इथे ते कधीच येत नाही.

१९७९ ची गोष्ट तर तुम्ही अजून वाचली नसेल, थोडं सांगून टाकतो, माफ करा. चार्ली ब्राउन आजारी पडून हॉस्पिटलमध्ये जातो. ल्यूसी घाबरते आणि शपथ घेते की हा बरा झाला तर मी परत कधी बॉल काढून घेणार नाही. तो बरा होतो. ती खरंच बॉल धरून ठेवते, शब्द पाळते. तो पळत येतो आणि लाथ बॉलला न बसता तिच्या हाताला बसते. म्हणजे १९५१ ला व्हायोलेटला जी भीती वाटली होती ती २८ वर्षांनी खरी झाली! शुल्झने हे मुद्दाम जोडलं होतं की नाही देव जाणे पण मी ते वाचून उठून उभा राहिलो होतो.

शेवटचा फुटबॉल २४ ऑक्टोबर १९९९ चा. ल्यूसी बॉल धरून बसलीय, तेवढ्यात धाकटा भाऊ रीरन निरोप घेऊन येतो की आई आत बोलावतेय. ती बॉल त्याच्या हातात देऊन जाते. नंतर तो घरात आल्यावर ती विचारते काय झालं, तू बॉल काढून घेतलास की त्याने मारला? रीरन म्हणतो ते तुला कधीच कळणार नाही. बस. आपल्यालाही कळत नाही. त्यानंतर दोनेक महिन्यांत, १४ डिसेंबर १९९९ ला शुल्झने निवृत्ती जाहीर केली, कॅन्सर झाला होता. टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगताना त्याचा आवाज भरून आला होता, की शेवटच्या स्ट्रिपवर सही करताना एकदम मनात आलं, त्या बिचाऱ्या पोराला शेवटपर्यंत बॉल मारायला मिळालाच नाही. ज्याच्या हातात पेन होतं तोच हे म्हणतोय. त्याच्या मनात असतं तर कुठल्याही रविवारी मारू दिला असता, पण त्याने त्या मुलाशी खोटेपणा केला नाही, माझ्यासाठी टिकण्याचं कारण हे आहे.

सुगरणपक्षी

टाकबोरू, काय लिहिलंय! रीरनचं माहीत नव्हतं, अंगावर काटा आला.

माझा छोटासा मुद्दा. आपल्याला स्ट्रिप म्हटलं की पहिला चिंटू आठवतो, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, १९९१ ला सकाळमध्ये सुरू झालेला. तिथे आई, पप्पा, शेजारच्या जोशीकाकू सगळे दिसतात, ओरडतात, हसतात, म्हणजे चिंटूने कितीही पराक्रम केले तरी सावरायला घर आहे. पीनट्समध्ये मोठं माणूस जवळजवळ नाहीच. मुलं पडली की मुलांनीच एकमेकांना बघायचं, आणि सल्ला हवा तर ल्यूसीच्या पाच सेंटवाल्या स्टॉलवर जाऊन मानसोपचार घ्यायचा. मला वाटतं मोठ्यांना ही स्ट्रिप म्हणूनच इतकी जवळची वाटते, मोठं झाल्यावर आपलंही असंच असतं ना, वरून सावरायला कोणी नसतं.

तिरपीरेघ

मी चित्रं काढते त्यामुळे माझं उत्तर चित्राच्या बाजूने.

सुगरणपक्षी म्हणतायत ते मोठी माणसं नसण्याचं आधी. १९५४ ला रविवारच्या स्ट्रिपमध्ये ल्यूसी गोल्फच्या स्पर्धेत खेळते असं एक प्रकरण आहे, त्यात मागे मोठी माणसं काढलीयेत, आणि इतकं विचित्र दिसतं ते. कारण पीनट्सचा कॅमेरा कायम मुलांच्या उंचीवर असतो. आपण त्यांच्याकडे वाकून बघत नाही, त्यांच्यासमोर बसून बघतो. मोठा माणूस आला की एकतर त्याचे पायच दिसणार नाहीतर कॅमेरा वर न्यावा लागणार, आणि वर नेला की मुलं लगेच छोटी आणि गोंडस दिसायला लागतात. शुल्झने त्यांना गोंडस होऊ दिलं नाही.

आता चौकटी. सिंडिकेटने, म्हणजे पेपरांना स्ट्रिप्स पुरवणाऱ्या कंपनीने, ही स्ट्रिप पेपरांना विकली तीच कमी जागेत बसते म्हणून. सारख्या मापाच्या चार चौकटी, संपादकाने आडवी लावावी, उभी लावावी, नाहीतर दोनाखाली दोन ठेवून चौकोन करावा. वर सिंडिकेटने पीनट्स हे नाव चिकटवलं जे शुल्झला जन्मभर आवडलं नाही. तेव्हाच्या साहसकथांच्या स्ट्रिप्स बघा, ऐसपैस, सावल्या, इमारती, घोडे. याच्या वाट्याला एवढीशी खिडकी. मग याने काय केलं तर एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. मागे फक्त गवताची रेघ, एखादी दगडी भिंत ज्यावर दोघं कोपर टेकून उभे आहेत. डोळे म्हणजे दोन टिंबं. त्या टिंबांच्या बाजूला एकेक छोटा कंस आला की चेहऱ्यावर काळजी आली. मी हे विद्यार्थ्यांकडून काढून घेते, सोपं वाटतं म्हणून सगळे हसत सुरुवात करतात आणि चार्ली ब्राउनचं डोकं कोणालाही जमत नाही. ते गोल नाहीये, ते नेमकं किती गोल नाहीये ते हाताला कळायला फार वेळ लागतो.

आणि शांतता. यावर कोणी लिहीत नाही म्हणून जरा लांबवते. २२ डिसेंबर १९६२ ची स्ट्रिप आहे. त्या ऑक्टोबरमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजची शेवटची मॅच सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांकीजकडून १-० ने हरले, शेवटच्या बॉलला विली मकोव्हीने जोरात मारलेला फटका सरळ फिल्डरच्या हातात गेला, जरा वरून गेला असता तर जिंकले असते. शुल्झ कॅलिफोर्नियात राहायचा, जायंट्सचा चाहता. स्ट्रिपमध्ये पहिल्या तीन चौकटी हुबेहूब सारख्या, चार्ली ब्राउन आणि लायनस पायरीवर हनुवटी हातात धरून बसलेत, एक शब्द नाही. चौथ्या चौकटीत चार्ली आकाशाकडे तोंड करून ओरडतो की मकोव्हीने बॉल फक्त तीन फूट वरून का नाही मारला! महिन्याभराने तशीच स्ट्रिप परत, परत तीन चौकटी गप्प, आणि ओरडणं काय तर निदान दोन फूट तरी. तुम्ही म्हणालात बेसबॉल कळत नाही, पण हे कळायला बेसबॉल लागतच नाही. होऊन गेलेल्या गोष्टीचा महिनाभर हिशोब करत बसणं लागतं, ते सगळ्यांना येतं. आणि तीन चौकटी गप्प ठेवायला काय धाडस लागतं याचा विचार करा, रोजच्या चार चौकटीतल्या तीन. पेपर उघडणाऱ्याने दोन सेकंदात पान उलटलं असतं तर?

हातही त्या रेषेत दिसतो. एस्टरब्रुक कंपनीचं रेडिओ ९१४ नावाचं निब तो वापरायचा, कंपनी बंद व्हायला लागली तेव्हा त्याने उरलेला साठा विकत घेऊन ठेवला आणि पुढे तेच वापरलं. १९८१ ला हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर हात कापायला लागला आणि नंतरच्या खंडांमध्ये रेषा थरथरलेली स्पष्ट दिसते. सहज एखादा साहाय्यक ठेवता आला असता, शाई त्याच्याकडून करून घेता आली असती, तो त्या धंद्यातला रिवाजच होता. नाही ठेवला. मला त्या कापऱ्या रेषेतला चार्ली ब्राउन जास्त आवडतो, शर्टावरची नागमोडी पट्टीसुद्धा थोडी थकलेली दिसते, पण वाकणं उभं राहणं अजून अचूक.

रोखठोक

सगळ्यांनी सुंदर लिहिलंय, पण धागा जरा एकाच बाजूला चाललाय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

स्नूपी आज जगभर आहे तो स्ट्रिपमुळे की खेळणी, टीशर्ट, कॉफीचे मग आणि जाहिरातींमुळे? अमेरिकेत मेटलाइफ या विमा कंपनीच्या जाहिरातीत स्नूपी १९८५ पासून २०१६ पर्यंत होता. १९६५ पासून कित्येक दशकं टीव्हीवर ख्रिसमसचा खास कार्यक्रम दर वर्षी. १९६९ ला अपोलो १० च्या एका यानाचं नाव चार्ली ब्राउन आणि चंद्रापासून सुमारे १५ किलोमीटरवर जाऊन आलेल्या दुसऱ्याचं नाव स्नूपी. इतकी प्रसिद्धी मिळाल्यावर कुठलीही स्ट्रिप टिकेल. याउलट बिल वॉटरसनची कॅल्व्हिन अँड हॉब्स घ्या, १९८५ ते १९९५, जेमतेम दहा वर्षं, खेळणी काढायला त्याने ठाम नकार दिला, आणि तरी आजही लोक शोधून वाचतात. मला ते टिकणं जास्त मोलाचं वाटतं.

शिवाय शेवटची वीसेक वर्षं पहिल्या वीस वर्षांच्या तोडीची नाहीत हे प्रामाणिकपणे बोलायला हवं. स्नूपीने सगळी जागा खाल्ली. पहिल्या महायुद्धातला वैमानिक बनून घराच्या छपरावरून रेड बॅरन या जर्मन वैमानिकाशी लढणारा स्नूपी १९६५ ला आला तेव्हा भन्नाट होता, पण मग त्याचे भाऊबहीण, वाळवंटात कॅक्टसशी बोलणारा स्पाइक, हे सगळं मला ताणलेलं वाटतं. लायनस आणि चार्लीची भिंतीवरची बोलणी कमी झाली. मी १९५५ ते १९७० मधलं पीनट्स पुन्हा पुन्हा वाचतो, नंतरचं मनापासून नाही वाचवत.

टाकबोरू

रोखठोक, शेवटच्या वर्षांबद्दल तुमच्याशी अर्धं जमतं. १९८० च्या आसपासचे काही खंड सैल आहेत. पण शेवटी शेवटी रीरन मोठा होऊन बोलायला लागल्यावर स्ट्रिप परत ताजी झाली असं माझं मत आहे, त्याला कुत्रा हवाय आणि आई देत नाही, म्हणून तो स्नूपीकडे खेळायला जातो, ते वाचाच.

बाजाराचं मात्र नाही पटलं. कॉफीचे मग विकल्याने कोणी १९६२ ची तीन चौकटी गप्प असलेली स्ट्रिप उघडून वाचत नाही, अक्षरवेल यांनी तर बाजाराशी संबंध नसताना पहिल्या खंडापासून सुरुवात केलीय. वॉटरसनचंच घ्या, त्याने स्वतः शुल्झचं ऋण उघडपणे मान्य केलंय. आणि नुसती लांबी म्हणाल तर ब्लाँडी १९३० पासून चालू आहे, मूळ चित्रकार चिक यंग १९७३ ला गेले, पुढे मुलाने चालवली. वाईट नाही ती, पण तिच्यावर असे धागे निघत नाहीत. शुल्झच्या बाबतीत त्याच्यानंतर नवी पीनट्स स्ट्रिप दुसऱ्या कोणी काढायची नाही हे पक्कं ठरलेलं होतं आणि ते पाळलं गेलं. आज पेपरात येतात त्या जुन्याच परत छापलेल्या. ५० वर्षांत त्याने मोठी सुट्टी घेतली ती एकदाच, १९९७ ला पंचाहत्तरीला, पाच आठवडे. आणि गेला तो १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात शेवटची स्ट्रिप. याला मार्केटिंग म्हणता येत नाही.

मैत्रेयी_

मी कधी प्रतिसाद देत नाही पण या विषयावर राहवलं नाही.

सगळे उदासपणाबद्दल बोलतायत पण मला पीनट्समध्ये माया दिसते, फक्त ती भलत्याच ठिकाणी असते आणि ज्याला हवी त्याला दिसत नाही. चार्ली ब्राउन व्हॅलेंटाइनला रिकाम्या पत्रपेटीत डोकं घालून उभा असतो, आपण कोणाला आवडत नाही म्हणून. आणि १९६६ ला आलेली पेपरमिंट पॅटी, नंतर आलेली मार्सी, दोघींना तो आवडतो! वर्षानुवर्षं त्या त्याला आडून विचारतात, फोन करतात, आणि त्याला पत्ताच नाही कारण त्याचं सगळं लक्ष लाल केसांच्या मुलीकडे, जिचा चेहरा आपल्यालाही स्ट्रिपमध्ये कधी दिसला नाही. पॅटीला वर्गात कायम डी मायनस मिळतो, तिला आई नाही, आणि तिच्या त्या दणदणीत बोलण्यामागे काय आहे हे शुल्झ कधीच मोठ्याने सांगत नाहीत, आपणच हळूहळू ओळखतो.

१९७२ ची एक रविवारची स्ट्रिप आहे. पॅटी चार्लीला विचारते की सुरक्षित वाटणं म्हणजे काय. तो म्हणतो, रात्री गाडीच्या मागच्या सीटवर झोपायचं, पुढे आईबाबा बसलेत, सगळी काळजी ते करतायत, आपल्याला कशाची चिंता नाही. मग म्हणतो पण हे कायम राहत नाही, एक दिवस तू मोठी होतेस आणि संपतं, परत कधीच मागच्या सीटवर झोपता येत नाही. पॅटी विचारते कधीच नाही? तो म्हणतो कधीच नाही. आणि ती म्हणते माझा हात धर. संपली. शुल्झ वीस वर्षांचे होते, १९४३ साली सैन्यात भरती होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा त्यांची आई कॅन्सरने गेली. वडील केस कापायचे, चार्ली ब्राउनचे वडीलही न्हावीच दाखवलेत. आयुष्य असं जसंच्या तसं ठेवलंय पण त्यावर रडगाणं एकदाही नाही.

आणि फ्रँकलिनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. एप्रिल १९६८ ला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत लॉस एंजेलिसच्या एका शिक्षिकेने शुल्झना पत्र लिहिलं की तुमच्या मुलांमध्ये एखादा कृष्णवर्णीय मुलगा का नाही. शुल्झ आधी बिचकले, आपण वरून उपकार केल्यासारखं दिसेल अशी त्यांना भीती होती. पत्रव्यवहार झाला, त्या शिक्षिकेने आपल्या कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणींनाही लिहायला लावलं, आणि ३१ जुलै १९६८ ला फ्रँकलिन आला. कसा आला बघा. समुद्रकिनारा, चार्लीचा बॉल पाण्यात गेलाय, एक मुलगा तो आणून देतो आणि विचारतो हा तुझा का. मग दोघं वाळूचा किल्ला करतात. बोलता बोलता कळतं फ्रँकलिनचे वडील व्हिएतनामला गेलेत. भाषण नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं काही नाही. पुढे तो पॅटीच्या वर्गात तिच्या पुढच्या बाकावर बसलेला दिसायला लागला तेव्हा दक्षिणेकडच्या एका संपादकाने कळवलं की शाळेत दोघांना एकत्र दाखवू नका, शुल्झनी त्याला उत्तरही दिलं नाही आणि दाखवत राहिले. फ्रँकलिनला नंतर फार काही करायला दिलं नाही ही टीका होते आणि ती रास्त आहे, स्वभावाने तो इतका समंजस आहे की विनोद त्याच्यापाशी थांबतच नाही. पण त्या किनाऱ्यावरच्या तीन दिवसांच्या स्ट्रिप्स मी पुन्हा पुन्हा बघते.

रोखठोक यांना एक विचारायचंय, स्नूपीने जागा खाल्ली म्हणता, पण वुडस्टॉक हा छोटा पक्षी आणि स्नूपी छपरावर नुसते पडलेत असल्या स्ट्रिप्सही त्याच काळातल्या आहेत, त्या आवडत नाहीत?

रोखठोक

आवडतात. वुडस्टॉकचं बोलणं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा आणि स्नूपीला ते सगळं कळतं, हे मला आजही कमाल वाटतं. माझं म्हणणं प्रमाणाबद्दल होतं. मागच्या सीटची स्ट्रिप मी घेतलेल्या १९७० च्या हद्दीबाहेरची आहे हे मात्र नोंदवून ठेवतो, ती खरंच पहिल्या वर्षांच्या तोडीची आहे.

नवखा_वाचक

सगळं वाचून आता मलाही वाचायचंय. पहिल्या खंडापासून घेऊ का? इतके खंड बघून दडपण येतंय.

तिरपीरेघ

पहिल्यापासून नको. सुरुवातीच्या दोनतीन वर्षांत पात्रं अजून ठरायची आहेत, श्रोडर बाळ आहे, लायनस तर १९५२ च्या शेवटाकडे येतो, स्नूपी चार पायांवर चालणारा साधा कुत्रा. ते नंतर मागे जाऊन वाचायला जास्त मजा येते कारण कोण कसं घडलं ते कळतं. १९५९-६० च्या खंडापासून घ्या. ल्यूसीचा पाच सेंटवाला स्टॉल, ग्रेट पम्पकिन, चार्लीच्या धाकट्या बहिणीचा, सॅलीचा जन्म सगळं १९५९ चं. रोज थोडं वाचा, हे रोज चार चौकटी वाचण्यासाठी काढलेलं आहे, एका दमात शंभर पानं घेतलीत तर चव जाते. अक्षरवेल, हे तुम्हालाही लागू, तास निघून जातो म्हणालात!

अक्षरवेल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझं उत्तर थोडं तयार व्हायला लागलंय. मी काही घडत नाही असं लिहिलं होतं ते कथानकाच्या हिशोबाने. पण टाकबोरूंनी फुटबॉलची रांग लावली आणि तिरपीरेघ यांनी गप्प चौकटींबद्दल लिहिलं त्यावरून असं वाटतं की घडणारी गोष्ट म्हणजे पात्राच्या आत होणारा बारीकसा बदल, कधी विश्वास, कधी राग, कधी नुसतं गप्प बसणं, आणि तेवढंच दिसावं म्हणून बाहेरचं सगळं जाग्यावर ठेवलंय. बॉल एकदा मारला गेला असता तर पुढच्या वर्षी आपण बॉलकडेच बघितलं असतं. ३० मार्च १९९३ ला चार्ली ब्राउन होमरन मारतो आणि मॅच जिंकतो असं कुठेतरी वाचलं होतं, घरी येऊन सॅलीला सांगतो तर तिचा विश्वासच बसत नाही म्हणे. तिथे पोचल्यावर मला जिंकलेला चार्ली ब्राउन कसा वाटतो ते बघायचंय, कदाचित तिथे परत प्रश्न पडेल. मैत्रेयी, तुमची मागच्या सीटची स्ट्रिप काल रात्री शोधून वाचली, ती माझ्या पुढच्याच खंडात होती. त्यावर आत्ता लिहवत नाही.

टाकबोरू, ती हॉस्पिटलची गोष्ट आणि रीरनचा फुटबॉल नेमक्या कुठल्या खंडांत आहेत? क्रम मोडून ते दोन आधी आणते.

टाकबोरू

हॉस्पिटलचं १५ व्या खंडात, १९७९-८०. रीरनचा २५ व्यात, १९९९-२०००. आणि २५ वा आणलात तर शेवटी लिल फोक्सही छापलंय ते सोडू नका, पीनट्सच्या आधी १९४७ ते १९५० या काळात शुल्झ सेंट पॉलच्या पेपरात काढायचा ते. त्यात स्नूपीसारखाच एक कुत्रा आहे, आणि चार्ली ब्राउन हे नाव तिथे वेगवेगळ्या मुलांना दिलेलं सापडेल. एकाच खंडात शेवट आणि सुरुवात दोन्ही आहेत, आधी कुठली बाजू वाचलीत ते इथे येऊन कळवा.